लॅब्राडोर घेऊन मागच्या काळात

पहाटेचे साडेपाच. देवगाव रंगारीत दुधाच्या किटल्या अजून मोटारसायकलींना लागायच्या आहेत आणि तुम्ही अंगणात जुना पायमोजा घेऊन उभे आहात. पायमोज्यात दुसरा पायमोजा कोंबून, गाठ मारून त्याचा गोळा केलाय. समोर नऊ आठवड्यांचं पिवळसर पिल्लू, संभाजीनगरहून खोक्यात घालून आणलेलं. पोरांनी नाव ठेवलं रॉकी. तुमच्या आईनं पहिल्याच संध्याकाळी ते रद्द करून मोत्या केलं. पिल्लू सध्या दोन्ही नावांना ओ देत नाही, कारण त्याला गोठ्याच्या दाराशी शेणात काहीतरी सापडलंय.

कुत्रा तुमच्या घराला नवा नाही. आजोबांच्या वेळेपासून दारात कुणी ना कुणी असायचंच. पण ते आपोआप आलेलं, उरलेल्या भाकरीवर वाढलेलं, रात्री भुंकून फेड करणारं. पैसे मोजून आणलेला हा पहिलाच. आणि तो आणण्यामागं मोबाईलवरचा एक व्हिडिओ आहे. धुकं, गुडघ्याएवढे बूट घातलेला गोरा माणूस, बंदुकीचा बार, आणि पाण्यातून पोहत येणारा कुत्रा. तोंडात बदक. तो बदक फाडत नाही, चावत नाही. कोंबडीखालचं अंडं काढून आणावं तसा ते आणतो आणि मालकाच्या हातात सोडतो. तुम्ही तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिलात आणि ठरवलंत, आपलाही असाच तयार करायचा. शिकारी.

आजच्या तारखेला कन्नड तालुक्यात हे व्हायचं नाही. का, ते पुढं येईलच. पण जेव्हा होत होतं त्या काळात जाता येतं. मोत्याला बगलेत मारा. फक्त पहिला धडा इथंच उरकून घ्या, कारण पुढं कुठल्याही सालात तोच कामाला येणार आहे.

घर आणि गोठा यांच्यामधला तो बोळ बघा. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला तुम्ही, मांडी घालून. गोळा भिंतीकडं फेका, लांब नको. मोत्या धावतो, उचलतो, आणि आता त्याला तो गोळा घेऊन आपल्या पोत्यावर पळायचंय. पोतं तुमच्या मागं आहे. म्हणजे यायचं तर तुमच्याजवळूनच. आला की गोळ्याला हात लावू नका. पाठ खाजवा, गळ्याखाली चोळा, त्याला तो मिरवू द्या. मग हळूच हात गोळ्याखाली धरून ‘सोड’. हिसकायचं नाही. हिसकलंत तर तो तोंड आवळायला शिकेल, आणि आवळणाऱ्या तोंडाचा शिकारी कुत्रा कुणाच्या उपयोगाचा नसतो. दोन-तीनदा फेकलं की बंद. त्याला आणखी हवं असतं नेमकं तेव्हाच थांबायचं. आणि एखाद्या दिवशी गोळा घेऊन तो अंगणभर पळत सुटला, तर त्याच्यामागं धावू नका, पाठ करून उलट्या दिशेनं पळा. कुत्र्याच्या मागं धावणारा मालक हा कुत्र्याच्या लेखी जगातला सगळ्यात मजेदार खेळ आहे. तो एकदा लागला की सुटत नाही.

झालं? मग निघा.

१९७२. पावसाळ्याचे दिवस आहेत, पण तसं कॅलेंडर म्हणतं. विहिरींचे तळ दिसतायत. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि ढिगांमागं बायका, हातात हातोड्या, डोक्याला पदर. दुष्काळी काम. दुपारी सुकडी वाटतात, घरी रेशनवरची लाल मिलो, परदेशातून आलेली, भाकरीला धड चिकटत नाही. मोत्या आता चार महिन्यांचा झालाय, अंगानं भरलेला, तुकतुकीत. एक बाई हातोडी थांबवून त्याच्याकडं बघते आणि तुम्हाला विचारते, “याला काय घालता हो दादा, येवढं चमकतंय?”

तुमच्या खिशात त्याच्या खाण्याच्या गोळ्यांची पुडी आहे. तुम्ही काही बोलत नाही.

इथं शिकवायचंही काही नाही. त्याचे दुधाचे दात हलतायत, हिरड्या सुजल्यात. या दिवसांत तोंडात काही धरायला लावलं की दुखतं, आणि दुखलं की आणण्याची गोडीच जाते. दोन महिने फेकाफेक बंद. बाभळीच्या सावलीत एक म्हातारा तुमच्या शेजारी येऊन बसतो. पूर्वी या माळावर ससे होते, तित्तर होते, सांजच्याला हरणं यायची, असं सांगतो. “आता ससाच राह्यला न्हाई तं कुत्रं काय धरंल?” त्याचं म्हणणं खरं आहे, आणि गंमत म्हणजे याच सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा होतोय. इथं त्याची खबर कुणाला नाही. लोकांना टँकर कधी येतो त्याची पडलीय. तो कायदा पहिल्या रूपात लहानसहान शिकारीला परवाने देत होता. ती फटही १९९१ च्या दुरुस्तीनं बुजली. शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग, फासे, हाका घालून जनावर पुढं काढणं, आमिष लावणं, सगळं त्या एका शब्दात बसवलंय. कुत्रा सोडणंही.

तेव्हा आणखी मागं चला. जिथं हे सगळं उजळ माथ्यानं चालायचं.

१९३१, हिवाळा. गाव निजामाच्या राज्यात आहे. कचेरीची भाषा उर्दू, खिशातला पैसा हाली सिक्क्याचा, जिल्ह्याचा मोठा साहेब म्हणजे अव्वल तालुकदार. लासूरच्या स्टेशनावर मनमाडकडून आलेली मीटरगेजची गाडी धूर सोडत उभी आहे आणि तिच्यातून एका अंमलदाराचं बिऱ्हाड उतरतंय: ट्रंका, बंदुकांच्या कातडी पेट्या, आचारी, आणि साखळीला एक काळा कुत्रा. कुत्र्याबरोबर एक बारका माणूस, हातात पितळी वाडगा. तो डोरिया. कुत्री सांभाळणं हीच त्याची नोकरी, औरंगाबादच्या छावणीत साहेब लोकांकडं शिकलेला. मोत्याला बघून तो थबकतो, त्याचा जबडा उघडून दात बघतो, पायाच्या बोटांमधली कातडी ताणून बघतो, शेपटी बुडाशी दाबून बघतो. पाणमांजरासारखी जाड शेपटी. “हे पाण्याचं कुत्रं हाये. या मुलखात याला कुठं आणलं भाऊ?”

प्रश्न बरोबर आहे. ही जात मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची. थंडगार समुद्रात सुटलेली जाळी ओढायची, गळावरून निसटलेला मासा पकडून होडीत द्यायचा, हे तिचं काम. मासळीच्या जहाजांबरोबर ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली, माल्म्सबरी आणि बक्ल्यू घराण्यांच्या उमरावांनी ती जपली, आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं तिला मान्यता दिली. सोनेरी केसांचा तो दुसरा रिट्रीव्हर स्कॉटलंडमधला; १८६८ मध्ये एक पिवळा कुत्रा आणि एक पाणस्पॅनियल यांच्या पिल्लांपासून चालू झालेला. या सगळ्याला जोर आला तो मागून भरायच्या बंदुकांमुळं. ठासणीची बंदूक होती तोवर एक-दोन बार, एक-दोन पक्षी, आणि पुढच्या बाराला वेळ. काडतूस आलं, बारामागं बार काढता यायला लागला, आणि एका सकाळी शेकड्यांनी पक्षी आकाशातून पडायला लागले. ते वेचायला कुणीतरी हवं होतं. उमराव चिखलात उतरणार नव्हते. म्हणजे रिट्रीव्हर हा शिकारी कुत्रा म्हटला तरी शिकार तो करतच नाही. मारलेलं उचलून आणणारा तो. हे ध्यानात ठेवा. मोबाईलवर ते दिसत नाही.

डोरियाला तुमचा लोभ लागतो आणि तुम्ही छोलदारीच्या मागं त्याच्याजवळ राहता. हे दोन हिवाळे आहेत, घाई करता येत नाही. तो जे शिकवतो ते बहुतेक न करण्याचंच असतं.

बंदुकीची सवय. पहिल्याच दिवशी डोक्यावर बार काढून कुत्रा भित्रा करून ठेवलेले साहेब त्यानं बरेच पाहिलेत. एकदा भ्यालेलं कुत्रं मग सहजी सुधरत नाही. म्हणून तो मोत्याला भाकरी कुस्करून देतो आणि दूर, बैलगाड्यांच्या पलीकडं, आचाऱ्याच्या पोराला थाळी आपटायला सांगतो. मोत्याचा एक कान हलतो, जेवण चालूच. दर आठवड्याला थाळी थोडी जवळ येते. मग थाळीच्या जागी माळावर दूर उडवलेला फटाका, मग बार. महिन्याभरानं बार झाला की मोत्या शेपटी हलवत वाडग्याकडं बघायला लागतो.

मग बसणं. हे सगळ्यात अवघड, कुत्र्यापेक्षा तुम्हाला. डोरिया कापडाचा चेंडू हवेत उडवतो, मोत्या झेपावतो, तुम्ही त्याला ‘बस’ म्हणून दाबता. चेंडू पडतो. आता तुम्ही उठायचं, चालत जायचं आणि तो चेंडू तुम्ही स्वतः उचलून आणायचा. दहातले सात-आठ तुम्ही आणायचे, उरलेले त्यानं. छावणीतले नोकर तुम्हाला हसतात: माणूस धावतोय, कुत्रं बसलंय. पण दोनेक आठवड्यांत मोत्याला कळतं की पडलेली प्रत्येक वस्तू त्याची नसते, सांगितलं तरच त्याची. शिट्टीही इथंच येते. एक लांब शीळ म्हणजे जिथं असशील तिथं बस, तुटक तुटक शिळा म्हणजे परत ये. पक्ष्याची ओळख करून द्यायला डोरिया एक वाळलेला पंख चेंडूला दोऱ्यानं बांधतो. मोत्या हुंगतो, पिसांची लव नाकात जाते, शिंकतो, मग अलगद उचलतो.

पाण्याचं मात्र डोरियाला फार सांगावं लागत नाही. पाण्यात ढकलायचं नाही, एवढंच. तो स्वतःच धोतर वर खोचून शिवनेच्या उथळात चालत जातो, मोत्या काठावर कुईकुई करतो, एक पाय घालतो, काढतो, आणि मग त्या पाण्याच्या कुत्र्याला आपण कोण आहोत ते आठवतं.

याच काळात निजामाच्या मुलखात सालिम अली नावाचा एक तरुण पक्ष्यांची नोंद करत हिंडतोय. १९३१-३२ चं हैदराबाद राज्याचं पक्षी सर्वेक्षण. नोंद म्हणजे बंदुकीनं टिपायचा, कातडं सोलून भरायचं, चिठ्ठी बांधायची. त्या काळात पक्षीशास्त्रालाही छर्रे लागत. त्यामुळं शिकारीकडं आजच्या चष्म्यातून बघताना जरा जपून. पण फार जपायचंही कारण नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी काय होतं ते बघा.

नदीचा डोह. अंमलदार काठावर घडीच्या खुर्चीवर. पलीकडच्या बाजूनं हाकारे पाण्यात उतरलेत, छातीएवढ्या पाण्यात, थंडीत, आरडत, काठ्या आपटत. आजूबाजूच्या गावांतून रात्री उठवून आणलेली माणसं: महार, भिल्ल, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा प्रत्येक जण. वेठ. मजुरीचा प्रश्नच नाही. बदकं उठतात. दुनळीचे दोन बार. एक हळदीकुंकू बदक गिरकी घेतं आणि पलीकडच्या लव्हाळ्यात पडतं, मेलेलं नाही, पंख मोडलेला.

मोत्या बसलेला आहे. थरथरतोय, दातांवर दात वाजतायत, पण बसलाय. तुम्ही तोंडातल्या तोंडात ‘आण’ म्हणता आणि तो सुटतो. पाणी कापत जातो, लव्हाळ्यात घुसतो, दिसेनासा होतो. नाकाचा आवाज तेवढा येतो, भात्यासारखा. मग शेपटी दिसते. बदक त्याच्या तोंडात आहे, चांगला पंख त्याच्या डोळ्यावर फटाफट बसतोय. तो थांबतो, बदक खाली ठेवतो, नीट धरतो, निघतो. तुम्हाला धावत पुढं जाऊन ते घ्यावंसं वाटतं. जाऊ नका. बसा, अंग थोडं वळवा, बोळात बसायचात तसे. तो येतो, अंगावर पाणी उडतं, डोकं वर करतो. हात खाली. सोड. तुमच्या तळव्यात एक गरम, ओलं, धडधडणारं ओझं येतं. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. डोरिया लगेच हात घालून पिसांखालून बरगड्या चाचपतो, दोन्ही बाजूंनी. एकही मोडलेली नाही. तोंड मऊ आहे. मग तो मान पिरगाळतो आणि बदक अंमलदाराच्या शिपायाकडं देतो.

मोत्याला गुळाचा खडा मिळतो. अंमलदार उठून त्याच्या डोक्यावर थोपटतो, “शाबाश बेटा.” पलीकडं हाकारे बाहेर येतायत, धोतरं पिळतायत, एका शेकोटीभोवती जागेसाठी रेटारेटी. त्यांनीही पक्षीच काढून दिले, त्याच साहेबाला, त्याच पाण्यातून. कुत्र्याला शिकवायला गूळ लागतो, वेळ लागतो, हिसकायचं नाही एवढी काळजी लागते. त्या माणसांना हुकूम पुरला. माझं मत विचाराल तर या शिकारीतली खरी लाज मेलेल्या बदकात नाही, त्या शेकोटीपाशी आहे.

संध्याकाळी माळावरून परतताना तुम्हाला एक माणूस भेटतो, बरोबर दोन कुत्री. लांब तोंडाची, पोट आत गेलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. कारवान. ही इथली जात. लातूरकडच्या जानवळ गावात आजही तिची पैदास होते. दक्षिणेत मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे याच घडणीच्या कुत्र्यांना त्या काळात राजाश्रय देत होते. नाकानं शिकार करायची ही कुत्री नव्हेत, डोळ्यानं. उघडा माळ, कोरडी हवा, लांब नजर. इथं वास टिकत नाही, इथं बघायचं आणि धावायचं. शिकवतात कसं, असं तुम्ही विचारता तेव्हा त्याला प्रश्नच कळत नाही. पिल्लू मोठ्या कुत्र्याच्या जोडीला सोडायचं, दुसरं काय? तेवढ्यात बांधावरून ससा उठतो. त्यानं कुत्र्यांना काही सांगितलेलं नसतं. दोघं गेलेली असतात. एक सरळ, दुसरं वळणाचा अंदाज घेत आडवं. ससा मुरडतो, पहिलं कुत्रं पुढं घसरतं, दुसरं तिथं आधीच पोचलेलं असतं. आणि आता तो माणूस धावतोय, काटेकुटे न बघता, जिवाच्या आकांतानं, कारण वेळेत पोचला नाही तर ससा कुत्र्यांचा.

पोचतो. ससा काढून घेतो, तिथंच फाडतो, आतडी आणि मुंडकं दोघांना वाटून देतो. मग दम खात मोत्याकडं बघतो. मोत्या इतका वेळ सांगितल्याप्रमाणं बसून होता.

“हे धावलं न्हाई?”

“सांगितल्याशिवाय जात नाही,” तुम्ही अभिमानानं म्हणता.

“मग तुमचं कुत्रं नोकर हाय,” तो म्हणतो. “माझी भागीदार हायेत.”

आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही.

पुढच्या वळणावर फासेपारध्यांची पालं लागतात. त्यांच्याकडं या कामाला कुत्रंही नाही. वेताच्या पिंजऱ्यात पाळलेला तित्तर आहे. तो पहाटे माळावर नेऊन ठेवायचा, भोवती केसाचे फासे पसरायचे. तो ओरडतो, रानातला तित्तर आपल्या हद्दीत कोण आलं म्हणून भांडायला येतो आणि पाय अडकतो. छर्रा नाही, आवाज नाही, खर्च नाही. त्यांच्यातला एक जण मोत्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडं बघून विचारतो की हा कातड्याचा पट्टा विकणार का. कुत्र्यात त्याला रस नाही.

आता भराभर मागं चला, मोत्या मोठा झालाय, दमणार नाही.

१८२५. कन्नडच्या घाटात आज ज्याचं नाव आहे तो औट्रम नुकता बाविशीचा लेफ्टनंट आहे. खानदेशात भिल्लांची पलटण उभी करण्यासाठी त्याला पाठवलंय. बंडखोर म्हणून ज्यांच्यावर फौजा धाडल्या त्यांच्याबरोबर तो शिकारीला जातो, जखमी वाघाच्या मागं त्यांच्याच जोडीनं झाडीत शिरतो, आणि विश्वास बसल्यावर त्यांना गणवेश देतो. शिकार इथं भरतीचं साधन आहे. सहा वर्षांपूर्वी, २८ एप्रिल १८१९ ला, याच डोंगररांगेच्या दुसऱ्या टोकाला जॉन स्मिथ हा मद्रासकडचा अधिकारी वाघाच्या मागावर निघाला आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला. तिथल्या दहाव्या लेण्यात भिंतीवर त्यानं आपलं नाव कोरून ठेवलं. वाघ मिळाला की नाही, हे आता कुणी विचारत नाही.

आणखी मागं. बारावं शतक, हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली. राजा तिसरा सोमेश्वर ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ लिहितोय, राजानं काय खावं, काय ल्यावं, कशात रमावं याचा शंभर प्रकरणांचा ग्रंथ. त्यात मृगया आहेच, आणि कुत्र्यांच्या खेळासाठी ‘सारमेयविनोद’ नावाचं वेगळं प्रकरणही आहे. कुत्रा राजाच्या करमणुकीचा विषय झालाय. तुम्ही पहिल्यांदाच कुत्रा घेतलेले गृहस्थ. राजसभेत फार वेळ थांबून फायदा नाही.

शेवटचा मुक्काम जवळ आहे, पण काळानं फार लांब. प्रवरेच्या काठी दायमाबाद. १९७४ मध्ये तिथं छबू लक्ष्मण भिल्ल झुडपाचं मूळ खणत होते आणि मातीतून ब्राँझ निघालं: हत्ती, गेंडा, रेडा, आणि ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ. बहुतेक पुरातत्त्वज्ञ तो उत्तर हडप्पा काळातला धरतात, म्हणजे आजपासून अदमासे चार हजार वर्षं; काहींना त्या काळाबद्दल शंका आहे. रथाला दोन बैल, रथात उभा माणूस, आणि बैलांच्या नि माणसाच्या मधल्या दांड्यावर एक कुत्रा. बांधलेला नाही. बसलेलाही नाही. पुढं तोंड करून उभा. तुम्ही ओतणाऱ्या कारागिराच्या मागं उभे राहून बघता. नोकर म्हणून उभा केलाय की भागीदार म्हणून, हे त्याला विचारायची सोय नाही, भाषा येत नाही. पण एवढं दिसतं की मालकाच्या पायाशी नाही, तो पुढं आहे. मोत्या मात्र भट्टीजवळच्या हाडकांत गुंतलाय.

चला, परत.

आज. मोत्या दोन वर्षांचा होत आलाय आणि तुम्ही त्याला शिकारीखेरीज शिकारीचं सगळं शिकवू शकता. कापडी डमी, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची, आत भुसा. शिट्टी, हातवारे, उजवी-डावी-मागं. पक्ष्याच्या जागी डमी असली तरी नाकाला, पायाला, डोक्याला काम तेच. मात्र काही गोष्टी विलायती व्हिडिओत नसतात. शेततळ्यात पोहायला सोडू नका. प्लॅस्टिकच्या कागदावर नखं टिकत नाहीत. उतरलेलं जनावर वर चढू शकत नाही, आणि त्याच्यामागं उतरलेला माणूसही. पाझर तलाव बघा, जिथं मातीचा उतार आहे. मार्चनंतर सकाळी आठच्या आत आटपा. दुहेरी केसांचा कुत्रा मराठवाड्याच्या उन्हात तापला की जीभ बाहेर काढून भागत नाही. रात्री घरात घ्या. गौताळा अभयारण्यातला बिबट्या कुत्र्याला सोपं भक्ष्य समजतो. २०२१ मध्ये तर टिपेश्वरहून चालत आलेला वाघही तिथं येऊन राहिला. आणि मक्याच्या रानात पट्टा सोडताना ध्यान ठेवा. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. मऊ तोंडानं, एकही बरगडी न मोडता, अगदी प्रेमानं मोर आणून हातात दिला, तरी तो पंचनाम्यात मोरच.

या नाकाला खरी नोकरीही आहे. पोलिसांच्या श्वानपथकांत लॅब्राडोर असतात ते याच गुणांमुळं. आणि २००८ पासून वन्यजीवांच्या चोरट्या शिकारीचा माग काढणारी कुत्रीही तयार होतायत, पुढं त्यांतली पुष्कळ ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. कातडं, नखं, हाडं, लपवलेलं मांस हुडकायचं. शिकारीच्या मदतनिसाचा वंश आता शिकाऱ्याच्या दाराशी जाऊन बसतो. मला यात कुठं काव्यात्म न्याय दिसत नाही. ज्याच्या हाती पट्टा, त्याचं काम, एवढंच. पण काम बरं आहे.

तुमच्या गावात सध्या त्यापेक्षा साधं काम चाललंय. मोत्याला आणून देण्याची इतकी गोडी लागलीय की सांगितल्याशिवाय जायचं नाही हा धडा गल्लीच्या तोंडाशी संपतो. भजनाला माणसं जमली की बाहेर चपला असतात. सकाळी तुमच्या ओट्यावर त्यांतल्या काही असतात, प्रत्येक जोडीतली एकच, दाताचा ओरखडासुद्धा नाही. आज समोरचे नाना अनवाणी आलेत.

“डावी हाये का तुमच्याकडं?”

“उजवी आहे. खाकी.”

“ती माझी न्हाई. ती सरपंचाची.” नाना ओट्यावर बसतात, मोत्याचे कान खाजवतात. “याला म्हणावं, न्यायची तं दोन्ही ने.”